रुसव्यांची वही

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी स्टोव्हवरचं दूध उतू गेलं, करपलं, आणि स्टोव्हकडं पाठ करून बसलेल्या आप्पांना वास आला नाही.

मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. वासानं जिना उतरून खाली आले आणि स्टोव्ह बंद केला. आप्पांनी हातातलं वर्तमानपत्र गुडघ्यावर ठेवलं, वळून पातेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आक्काला सांगू नका," ते म्हणाले.

"आप्पा, पातेलं काळं झालंय. त्यांना दिसणारच."

"पातेल्याचं न्हाय म्हणत मी, बाई."

आक्का म्हणजे त्यांची बायको. ती परसात पाणी भरत होती. आप्पा निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत पारखी होते. माल आला की ते पान बोटांत चुरत, कानाशी नेऊन त्याचा आवाज ऐकत, शेवटी नाकाशी धरत आणि मालाची प्रत सांगत. विकणारा आणि घेणारा दोघंही त्यांच्या नाकाकडं बघत उभे असत. त्यांनी सांगितलेल्या प्रतीवर कुणी दुसरं मत मागत नसे. एकदा सांगून झालं की ते हात झटकून "साकु" म्हणत. पुरे, या अर्थाचा हा कानडी शब्द ते जेवणाच्या ताटावरही त्याच सुरात म्हणत.

मी खानापूरकडून निपाणीच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायला आले, तेव्हा आधी दोन घरांत आडनाव सांगून झाल्यावर खोली रिकामी नसल्याचं कळलं होतं. आप्पांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पावडर लावता?"

"नाही."

"तेल?"

"साधं खोबरेल."

"उदबत्ती?"

मी म्हणाले, मी फोटोपुढं मेणबत्ती लावते. त्यांनी थोडा विचार केला. "मेणबत्ती चालंल. इजवताना खिडकी उघडा."

आक्का आतून म्हणाली, "अवो, मटण शिजवलेलं चालतंय का ते सांगा की त्यास्नी."

"चालतंय. मटणाचा वास उघड असतोय. ह्या पावडरी लपून बसत्यात."

त्या घरात देवापुढं नुसती समई असे. अंगाला लावायचा साबण आणि कपड्यांचा साबण एकच होता. आक्कानं लग्नात माळलेली फुलं तेवढीच. त्यानंतर तिच्या केसांत फूल गेलं नव्हतं. बाजारात फुलवाल्यांच्या ओळीपुढून जाताना आप्पा नाकाला धोतराचा सोगा लावत, आणि फुलवाल्या हसत. "आप्पा आलं, मोगरा झाका गं," असं एक बाई रोज ओरडे. आप्पा सोग्यातून तिला उत्तर देत. ते काय म्हणत ते कधी ऐकू आलं नाही.

आक्काला एक सवय होती. आप्पांचा सदरा बादलीत बुडवण्याआधी ती तो एकदा नाकाशी धरी. "आज चिकोडीकडचा माल व्हता वाटतं," ती म्हणे, किंवा "भिजलेला माल दिला जणू कुणी." आप्पा म्हणत, "झालं! उद्यापासनं तूच जा वखारीत. मी भांडी घासतो." "भांडी तरी नीट घासाल का?" अशी त्यांची रोजची बोलणी. मी ती वरून ऐकत असे आणि त्यात त्यापलीकडं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

दुधाच्या प्रकारानंतर दोन दिवसांनी आप्पा माझ्या खोलीच्या दारात आले. जिना ते सहसा चढत नसत.

"बाई, तुम्ही बेळगावात त्या कंप्यूटरचं शिकून आलाय न्हवं?"

मी सुट्टीत तीन आठवड्यांचा एक वर्ग केला होता. तेवढंच.

"त्यात माणसाचं डोकं घालता येतंय म्हंत्यात. नाक घालता यील?"

त्यांनी मग सांगितलं. हिवाळ्यात मोठी सर्दी झाली होती. ती गेली, पण जाताना नाक घेऊन गेली. दिवसभर काही कळत नाही. सकाळी उठल्यावर मात्र तासभर वास येतो, आणि तो तासही कमी होत चालला आहे. वखारीत कुणाला ठाऊक नाही. सध्या डोळ्यांवर आणि बोटांवर निभावतंय. "तास संपायच्या आत सगळं त्यात घालू. मग मी इचारीन, ते सांगंल."

घरात कंप्यूटर होता. दिवाळीत जावई मस्कतहून आले होते, त्यांनी तो आणला होता. पाटीएवढा काळा कळफलक. तो टीव्हीला जोडायचा, मागं जादा मेमरीची एक डबी खोचायची, आणि केलेलं काम टेपरेकॉर्डरवर कॅसेटमध्ये साठवायचं. बरोबर जावयांनी एक चकचकीत निळा गालिचा आणि नायलॉनच्या मोज्यांचे सहा जोड आणले होते. जावई परत गेले. कंप्यूटर टेबलावर, गालिचा टेबलाखाली आणि मोजे आप्पांच्या पायांत राहिले, कारण त्यांच्या टाचांना भेगा पडत.

आम्ही रोज सकाळी सहाला बसू लागलो. आप्पा वखारीतून पानांचे नमुने फडक्यात बांधून आणत. मी प्रश्न तयार केले होते: रंग कोणता, डाग किती, देठ जाड की बारीक, चुरताना आवाज कसा, बोटाला चिकटतं का. प्रत्येक उत्तराला एक आकडा. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावे लागत. आप्पांची त्याला हरकत नव्हती. अडचण वासापाशी आली.

"हा कसा आहे?"

"पाऊस पडून गेल्यावर बैलाच्या पाठीचा येतोय तसा."

"आणि हा?"

"हाही तसाच. पण बैल म्हातारा."

मी दोन्हींना वेगळे आकडे दिले.

एखादा वास नीट आठवायचा तर आप्पा उठून गालिच्यावर येरझारा घालत. पान नाकाशी, डोळे मिटलेले, पाय घासत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एकदम थांबत, "गावला!" म्हणत, टेबलाशी येत आणि स्वतःच्या हातानं आकडा दाबत. आणि त्याच क्षणी पडदा पांढरा होई, त्यावर चौकोन नाचत आणि यंत्र कोरं होऊन पहिल्यापासून सुरू होई. सकाळचं सगळं काम गेलेलं असे.

"पावणं रुसलं," आप्पा म्हणत. जावयानं आणलेलं, म्हणून त्याचं नाव पावणं. टेबल दिलं, गालिचा दिला, वर झाकायला आक्कानं विणलेला रुमाल दिला, तरी ते कारण न सांगता रुसत होतं. आठवड्यातून चार दिवस तरी रुसे.

मी म्हटलं, दर नमुन्यानंतर कॅसेटवर साठवू. पण साठवायला पाच मिनिटं लागत, टेपरेकॉर्डर किंचाळे, आणि आप्पांच्या सकाळच्या तासात पाच मिनिटं फार होती. "मधी मधी चव बघत बसलं की स्वैपाक व्हत न्हाय," ते म्हणाले.

"व्हतोय की," आक्का स्वयंपाकघरातून म्हणाली. आम्ही काय करतो हे तिला सांगितलेलं नव्हतं. तिला सांगितलं होतं की बाई हिशेबाचा खेळ शिकवतायत.

माल बिघडू लागला की वखारीत एक रीत होती. सगळं होतं तसं ठेवायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आप्पांनी तीच इथं लावली. त्यांनी शंभर पानी वही आणली आणि प्रत्येक रुसव्याची नोंद सुरू केली. ती वही आता माझ्यापुढं आहे. अक्षर मोडीच्या वळणाचं, पेन्सिलीचं. "६ वाजून ४० मि. रुसलं. वारा न्हाय. गिरणी चालू. आक्का भाकरी थापतेली. कोल्हापूर गाडीचा हॉर्न दोनदा. बोटाला मुंगी चावली." पुढची: "६.५५. रुसलं. गिरणी बंद. दूधवाला दारात. बोटाला मुंगी." अशी पानंच्या पानं आहेत.

पहिला संशय गिरणीवर गेला. पलीकडच्या गल्लीत पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की दिवे मंदावत. आप्पा गिरणीवाल्याकडं गेले आणि आठ दिवस सात वाजेपर्यंत गिरणी बंद ठेव म्हणाले.

"आप्पा, गावाला भाकरी नको व्हय?"

"साडेसातला खा म्हणावं."

"आणि तुमच्या पावण्याला काय जेवाय घालता?"

"त्याचा उपासच चाललाय गा."

गिरणीवाल्यानं आठ दिवस ऐकलं. पावणं तीनदा रुसलं. मग मागची डबी. ती हलते म्हणून आप्पांनी ती बिडीच्या दोऱ्यानं अशी बांधली की कळफलक पार्सलासारखा दिसू लागला. तरी रुसलं. मग बेळगावहून एक दुरुस्तीवाला आला, त्यानं यंत्र नेलं आणि चार दिवसांनी परत आणलं. त्याच्या दुकानात ते दिवस दिवस चाललं होतं. "यंत्र बरोबर आहे," तो म्हणाला. "तुमच्या घरातच काहीतरी आहे."

"घरात मीच हाय," आप्पा म्हणाले. त्या वेळी आम्ही दोघंही हसलो.

एप्रिल लागला. सकाळचा तास वीस मिनिटांवर आला होता. आप्पा नमुना नाकाशी धरून जास्त वेळ फिरू लागले होते, आणि जास्त वेळ फिरले की पावणं हमखास रुसे. त्यांनी एकदा वही मिटून ठेवली आणि म्हणाले, "उत्तर गावलं की ते रुसतंय. न्हाय गावलं तर बसून ऱ्हातंय." मी त्यांना सांगितलं की यंत्राला असलं काही कळत नाही. मी विज्ञानाची शिक्षिका होते.

पुढच्या रविवारी मी खाली आले तर खोलीत चारी बाजूंना ओली गोणपाटं टांगलेली होती. फरशीवर पाणी शिंपडलेलं होतं. टेबलाखाली गालिचा ओलसर झालेला, आणि आप्पा त्यावर मोज्यांनिशी उभे.

"आप्पा! विजेचं यंत्र आहे. पाणी काय मारताय?"

"बाई, वहीत बघा. फिरून उत्तर गावलं तरी रुसलं न्हाय असं सहाच दिवस हायत. दोन दिवस वळीव पडलता. चार दिवस सोमवार, आक्का फरशी धुती." ते वही उलटत होते. "कोरड्या हवेत पान हाताळलं तर चुरा व्हतोय. म्हणून वखारीत उन्हाळाभर आम्ही गोणपाटं भिजवतो. हवा मऊ झाली की मगच पानाला हात लावायचा. हेही तसंच असंल."

"हे पान नाही."

"न्हाय. पण चुरा व्हतोय न्हवं?"

मी शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना हे सांगितलं आणि ते हसले, मीही हसले. त्या दिवशी पावणं रुसलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तीन आठवडे नाही.

त्या तीन आठवड्यांत एका संध्याकाळी मी वही घेऊन वर गेले आणि पहिल्यापासून वाचली. प्रत्येक रुसव्यापुढं मुंगी होती. गिरणी कधी होती, कधी नव्हती. दूधवाला, हॉर्न, भाकरी, सगळं कधी होतं आणि कधी नव्हतं. बोटाला मुंगी चावली हे मात्र एकदाही चुकलेलं नव्हतं. आठवीच्या वर्गात मी दरवर्षी कंगवा केसांवर घासून त्यानं कागदाचे कपटे उचलून दाखवत असे. कोरड्या दिवसांतच करा, दमट हवेत होत नाही, असंही मुलांना सांगत असे. नायलॉनचे मोजे, परदेशी गालिचा, कोरडी हवा, आणि त्यावर पाय घासत दहा मिनिटं फिरून आलेला माणूस. बोटातून ठिणगी जाई आणि यंत्र कोरं होई. आप्पांनी ते पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलं होतं. मी ते एका म्हाताऱ्या माणसाचं लिहिणं म्हणून सोडून दिलं होतं. गालिचा मार्चमध्येच उचलला असता तर त्यांच्या दीड महिन्याच्या सकाळी वाचल्या असत्या.

मी हे त्यांना सांगितलं. माफी मागितली की नाही, ते आठवत नाही. ते म्हणाले, "म्हंजे घरातच व्हतं. मीच." मग, "आता बरं चाललंय. गालिचा ऱ्हाऊ दे, गोणपाटंही ऱ्हाऊ दे. एका वेळी एकच."

मेच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी पान नाकाशी धरलं, खाली ठेवलं, दुसरं उचललं, तेही ठेवलं. वीस मिनिटांचा तो तासही कायमचा संपला होता. यंत्र समोर नीट चालू होतं.

त्या संध्याकाळी ते बाजारातून मोगऱ्याचा गजरा घेऊन आले. फुलवाली पैसे घ्यायला विसरली होती, असं आक्का पुढं सांगे. आक्कानं गजरा हातात घेतला आणि त्यांच्या तोंडाकडं बघितलं. "आज काय हाय?" "काय न्हाय. माळ." तिनं माळला. दुसऱ्या दिवशीही आणला. ती रोज माळू लागली, आरशासमोर थोडी थांबू लागली. तिनं काही विचारलं नाही, आणि मी आप्पांचं ऐकून काही सांगितलं नाही.

मग वखारीत ते झालं. एका जुन्या व्यापाऱ्याचा मोठा माल आला होता. डोळ्यांना तो बरा दिसत होता, बोटांनाही, पण आतून चढला, म्हणजे पोत्यात तापून सडू लागला असण्याची शंका होती, आणि ते नाकाशिवाय कळत नाही. आप्पा म्हणाले, "उद्या सांगतो." चाळीस वर्षांत हे शब्द त्या वखारीत कुणी ऐकले नव्हते. कुणीतरी म्हणालं, "का ओ आप्पा, पानाची पत्रिका बघायची हाय व्हय?" सगळे हसले. व्यापारी हसला नाही. त्यानं दोन पानं आप्पांच्या फडक्यात बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही यंत्र लावलं. रंग, डाग, देठ, आवाज, चिकटपणा. आप्पांनी सगळे आकडे दाबले. पडद्यावर शेवटचा प्रश्न आला: वास? एक ते नऊ. ते पान हातात धरून बसले. फिरले नाहीत. मला वाटलं ते एखादा आकडा अंदाजानं दाबतील. त्यांचा हात कळफलकावर गेला आणि मागं आला.

आक्का चहा घेऊन आली होती. तिनं चहा ठेवला, त्यांच्या हातातलं पान घेतलं आणि नाकाशी नेलं. मग थांबली.

"थांबा, ह्याचाच वास मधी येतोय." तिनं केसांतला गजरा काढला आणि माझ्या हातात दिला. "धरा बाई. लांब घेऊन जा जरा."

मी दारापर्यंत गेले. तिनं डोळे मिटले नाहीत. बादलीपुढं सदरा धरावा तसं पान धरलं.

"गेल्या माघात तुमचा एक सदरा असाच आलता. तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हता, माल परत धाडला म्हणून." तिनं पान परत दिलं. "तो कितवा नंबर लावलाय तुम्ही?"

आप्पांनी वहीच्या शेवटच्या पानावरची वासांची यादी बघितली. "सात."

"मग सात दाबा."

त्यांनी पान टेबलावर ठेवलं. "तुला कवाधरनं ठाऊक हाय?"

"पातेलं मी घासलंय न्हवं," आक्का म्हणाली. "चहा निवतोय."

आप्पांनी सात दाबला. यंत्रानं सांगितलं, माल चढलेला आहे, घेऊ नये. वखारीत त्यांनी तेच सांगितलं आणि हात झटकले. पोती फोडली तेव्हा मधली पानं काळी निघाली.

त्यानंतर आणखी पाच वर्षं ते पारखी होते. दुपारी जेवायला येताना फडक्यात नमुने आणत, आणि परत जाऊन प्रत सांगत. लोक म्हणू लागले, आप्पा म्हातारपणी सबुरीचे झाले. वखारीत कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही. गजरा मात्र बंद झाला. आप्पांनी आणखी एकदा आणला तेव्हा आक्कानं तो थेट माझ्याकडं दिला. "तुम्ही माळा बाई. मला आता चालत न्हाय."

पावणं त्या पहिल्याच वर्षी श्रावणात कायमचं रुसलं. पाऊस लागला तरी आप्पांनी गोणपाटं काढली नव्हती. वहीप्रमाणं गोणपाटं होती तेव्हा ते चांगलं चाललं होतं. दुरुस्तीवाल्यानं उघडलं तर आत हिरवा गंज चढलेला. त्याच्या आदल्या आठवड्यात आप्पांनी माझ्याकडून प्रोग्रॅममध्ये एक शेवटची दुरुस्ती करून घेतली होती. वासाच्या प्रश्नापुढचे एक ते नऊ आकडे काढून तिथं एकच ओळ घालायला लावली: आक्काला विचारा. मग पाच मिनिटं किंचाळत ते कॅसेटवर साठवलं. त्या दिवशी त्यांनी घाई केली नाही.

पुढं माझी बदली बेळगावला झाली. मी अधूनमधून जात असे. आप्पा गेल्या माघात गेले. मी पोचले तेव्हा घरात उदबत्त्या लावलेल्या होत्या, हार होते, आणि आक्का त्या वासात बसवत नाही म्हणून परसात बसली होती. आता फूल माळायचा प्रश्न तिच्यापुरता मिटला आहे. लग्नाचा दिवस धरून तिनं ते एकूण अकरा दिवस माळलं.

वही आणि कॅसेट तिनं मला दिली. कॅसेट वाचणारं यंत्र माझ्याकडं नाही. निळा गालिचा अजून त्या खोलीत आहे. आक्का निपाणीत एकटी राहते. शेजारच्या घरात दूध करपायला लागलं तर आधी तिला कळतं.